कात्रीचं नवं मशीन

स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणत. नाव मालकांनी ठेवलेलं. ती नवीन होती तेव्हा एका लग्नाच्या चित्रणात नवरदेवाच्या मामांचं लांबलचक भाषण तिने अर्ध्यावर आणलं, आणि ते इतक्या सफाईने की खुद्द मामांनाही पत्ता लागला नाही. उलट ते स्टुडिओत येऊन सांगून गेले, की आपण एवढं मुद्देसूद बोलतो हे आपल्याला आजवर ठाऊकच नव्हतं. मामा पायऱ्या उतरले तसे मालक हसून हसून खोकायला लागले आणि म्हणाले, ही पोरगी नाही, कात्री आहे. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पोरगीची बाई झाली, कानाजवळचे केस पिकले, पण कात्री ती कात्रीच राहिली.

स्टुडिओ म्हणजे पुढे फोटो काढायची मोठी खोली आणि मागे, जाड पडद्याच्या आड, कात्रीची एवढीशी खोली. तिला खिडकी नव्हती. टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला डिस्कांचा ढीग, आणि भिंतीला टेकून दोन जास्तीच्या खुर्च्या. त्या खुर्च्या रेंडरसाठी. चित्रण कापून, जोडून, गाणी लावून झालं की कॉम्प्युटर त्या सगळ्याची एक सलग फिल्म बनवतो, त्याला रेंडर म्हणतात, आणि ते चालू असताना मशीनला हात लावायचा नसतो. स्टुडिओतलं मशीन जुनं आणि भलतंच सावकाश. कात्रीने आतून "रेंडर लागलं" असा आवाज दिला की मालक पुढचं दार लोटून घेत आणि आत येऊन बसत. मागोमाग लंबू यायचा. लंबू म्हणजे कॅमेरा चालवणारा. पडदा बाजूला केला तरी त्याला मान वाकवूनच आत यावं लागायचं. चहा व्हायचा. मालक आपल्या तरुणपणच्या गोष्टी सांगायचे, ज्यात दर वेळी एखादं नवीन पात्र यायचं. लंबू घरच्या कुरबुरी सांगायचा. कात्री फारसं बोलायची नाही, पण त्या बोलण्यात ती होती. मध्येच कुणीतरी कॉम्प्युटरवर पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे बघून म्हणायचं, अजून अर्धंही झालं नाही, आणि तिघंही निवांत व्हायची.

मग मालकांचे गुडघे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. फोटो जो तो आपल्या फोनवर काढू लागला. मालकांनी स्टुडिओ आवरला आणि ते मुलीकडे, दुसऱ्या गावी राहायला गेले. निघताना कॉम्प्युटर त्यांनी कात्रीला देऊन टाकला. म्हणाले, "हा तुझाच होता. मी आपला पुढे बसून लक्ष ठेवत होतो." लंबूने स्वतःचा नवा कॅमेरा घेतला आणि समारंभांची कामं घेऊ लागला. एडिटिंग कात्रीकडेच देईन असा शब्द त्याने दिला होता आणि तो पाळलाही. पण आता भेट होई ती दारात. हेल्मेटही न काढता तो मेमरी कार्डाची डबी हातात द्यायचा, खाली गाडी चालूच ठेवलीय म्हणायचा आणि जिना उतरायचा.

कात्रीचं घर दोन खोल्यांचं. आई जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. आईच्या खोलीत टेबल टाकून तिने मशीन मांडलं. काम तेच, तेवढंच. पण आता सकाळी कुणाला "आले हो" म्हणायचं नव्हतं आणि संध्याकाळी कुणाला "निघते" म्हणायचं नव्हतं. दिवसभर ती मशीनवर लोकांच्या तोंडाकडे बघत बसायची. ज्यांना कधी भेटली नाही अशा माणसांच्या हसण्याच्या, रुसण्याच्या, डोळे पुसण्याच्या तऱ्हा तिला पाठ होत्या. एकदा भाजी घेताना शेजारी उभ्या असलेल्या बाईला तिने सहज विचारलं, "वडिलांचं ऐकू येण्याचं यंत्र बसलं का नीट आता?" बाई चपापली. तिच्या लग्नाची फिल्म कात्रीने केली होती. तिचे वडील सगळं लग्नभर कानाशी खटपट करत होते. पण त्या बाईने कात्रीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. कात्रीने सगळं समजावून सांगितलं, तरी ती बाई "असं होय, असं होय" करत दोन पावलं मागे सरकली आणि पिशवी उचलून गेली. त्यानंतर ओळखीचा चेहरा दिसला की कात्री स्वतःच नजर दुसरीकडे वळवायची.

नव्या कॅमेऱ्याचं चित्रण जुन्या मशीनला झेपेना. एवढं बारीक, एवढं भरगच्च चित्र त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. आवाज पुढे जायचा आणि चित्र मागे रेंगाळायचं. नवरी हसायची आणि तिचा चेहरा नंतर कधीतरी हसायचा. फिल्म हातात पडायला उशीर होऊ लागला. लंबूने बरेच दिवस सांभाळून घेतलं, मग एकदा दारातच म्हणाला, "कात्रीताई, नवीन मशीन घ्याच आता. लोक माझ्यावर ओरडतात. मला दुसरं कुणी बघायचं नाहीये."

त्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा तिने त्याला हे सांगितलं. भाऊ लांबच्या शहरात, बायको-मुलासह. दर रविवारी न चुकता फोन करायचा, तेवढं त्याचं होतं. तो लगेच म्हणाला, "मग लॅपटॉपच घे ताई. कुठेही बसून काम करता येतं. एकटी काय पडून असतेस तिथे? उचल लॅपटॉप आणि ये इकडे, राहा महिना दोन महिने. खोली रिकामीच असते."

भावाच्या घरातली ती खोली तिने एकदाच पाहिली होती. खिडकीसमोर टेबल बसेल. पलीकडे वहिनीच्या भांड्यांचा आवाज येईल. भाचा शाळेतून येऊन खांद्यावरून डोकावेल आणि आत्या हे काय करतेस म्हणून विचारेल. हे सगळं तिने एखादी फिल्म लावावी तसं मनात लावून पाहिलं.

कॉम्प्युटरची दुकानं बाजारात पुष्कळ होती. पहिल्या दोन ठिकाणी तिला चकचकीत पेट्या दाखवल्या गेल्या, आकडे ऐकवले गेले आणि "हे सगळ्यात भारी आहे" असं सांगण्यात आलं. तिसरं दुकान एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. तिथे एक पन्नाशीचा माणूस लांबलचक टेबलाशी उभा राहून सुटे भाग जोडून मशीन तयार करायचा आणि त्याची मोठी बहीण गल्ल्यावर बसायची. जुळणीवाल्याने कात्रीला काहीच दाखवलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्याने तिला स्टूल दिलं आणि विचारायला सुरुवात केली.

काम कसलं? एका समारंभाला कॅमेरे किती असतात? एकाच वेळी किती चित्रं समोर लावून बसता? मशीन अडकतं ते बघताना की शेवटी रेंडर करताना? जुनी कामं ठेवता की पुसून टाकता? सलग किती वेळ बसता? पंख्याच्या आवाजाचा त्रास होतो का? पडद्यावर खिडकीचा उजेड येतो का? डोळे दुखतात का?

कात्री उत्तरं देत गेली. पहिल्यांदा तुटक, मग सावरून, मग भरभरून. स्टुडिओतल्या खोलीला खिडकी नव्हती, आताच्या खोलीला आहे आणि दुपारी नेमकं तोंडावर ऊन येतं. जुनी कामं पुसवत नाहीत, कारण कधीतरी कुणाचे वडील जातात आणि मग मुलं विचारत येतात, अजून काही शिल्लक आहे का. डोळे दुखतात, पण सांगणार कुणाला. हे शेवटचं तिच्या तोंडून निघून गेलं आणि ती ओशाळली. जुळणीवाल्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग कॉम्प्युटरचा पडदा चांगला घ्या. बाकी कुठेही काटकसर करा, पडद्यात नको."

लॅपटॉपचं तिने विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं. या कामाला लागणारी ताकद लॅपटॉपमध्ये मिळते, पण तो तापतो, तापला की मंदावतो, पंखा घोंघावतो आणि पडदा लहान. उद्या एखादा भाग बदलायचा म्हटलं तर बहुतेक वेळा बदलता येत नाही. टेबलावरचं मशीन असेल तर त्याच पैशांत जास्त काम होतं आणि पुढे वाढवताही येतं. "पण तुम्हाला हिंडतं राहायचं असेल, तर या सगळ्याला अर्थ नाही. मग लॅपटॉपच. तुम्हाला कुठे जायचं असतं का?"

"भावाकडे," कात्री म्हणाली. "अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे?"

कात्रीने बोटांवर महिने मोजायला घेतले आणि सोडून दिले. जुळणीवाला म्हणाला, "ते ठरवून या ताई. सगळं त्यावरच आहे."

ती ठरवून गेली नाही, नुसतीच गेली. दोन दिवसांनी रॅमचं विचारायला गेली. मग रंग खरे दाखवणारा पडदा कसा ओळखायचा ते विचारायला. मग हार्ड डिस्क जुनी वापरली तर चालेल का म्हणून. प्रश्न खरेच होते, पण ते घरी बसून एकत्र विचारता आले असते हेही खरं होतं. जुळणीवाला काम करता करता उत्तरं द्यायचा. हातातला पेचकस न थांबवता प्रोसेसर काय करतो ते सांगायचा. ग्राफिक्स कार्ड चित्राचं ओझं कसं वाटून घेतं ते सांगायचा. मध्येच स्वतःची गोष्ट सांगायचा, की आपण आधी रेडिओ दुरुस्त करत होतो, मग टीव्ही, मग हे. लोकांच्या घरातली जी वस्तू बोलते तीच आपल्या वाट्याला येते. कात्री हसायची. घरी परत आल्यावर तिला जाणवायचं, की आज गळा वापरल्यासारखा वाटतोय.

एक दिवस त्यानेच सुचवलं, की तुमचं चित्रण घेऊन या, इथल्या मशीनवर चालवून बघा. कात्री एका लग्नाचं काम घेऊन गेली. दोन मशीनं शेजारी शेजारी लावलेली होती. एक मध्यम, एक भारी. दोन्हींवर एकच तुकडा तिने तयार केला आणि दोन्हीकडे रेंडर लावलं. मग सवयीने ती मागे टेकून बसली आणि मामांच्या त्या भाषणाची गोष्ट सांगायला लागली. मामा पायऱ्या चढून आले इथवर ती पोचली असेल-नसेल, तोच भारी मशीनने टिंग केलं.

"झालं," जुळणीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "बघा. हे दुसरं अजून पावसुद्धा झालेलं नाही."

कात्रीने बघितलं. फिल्म सुरेख झाली होती, कुठे अडखळ नाही, आवाज आणि चित्र हातात हात घालून चाललेली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते भलतंच: एवढ्यात? गोष्ट तिच्या तोंडात अर्धीच राहिली, आणि जुळणीवाला पुढची वायर काढायला वाकला. ती शेजारच्या मध्यम मशीनकडे बघत म्हणाली, "मला वाटतं हे बरं पडेल."

त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "ताई, हे तुम्हाला दोन वर्षंही पुरणार नाही. तुम्हीच सांगितलंत, लोक ओरडतात."

"बघते," ती म्हणाली. "पुन्हा एकदा येऊन बघते."

पुन्हा ती गेली तेव्हा जुळणीवाला आतल्या बाजूला होता. जिना चढून ती दाराशी आली आणि बहिणीचा आवाज तिच्या कानी पडला. बहीण आत वळून भावाला सांगत होती, "त्या बाई येताना दिसल्या खिडकीतून. आज काय विचारायचं राहिलंय? आपल्याला कामं आहेत की नाही?" आवाजात राग नव्हता, पाहुण्यांनी गजबजलेल्या घरात एखादीने कंबरेवर हात ठेवून बोलावं तसं नुसतं दमून बोललेलं होतं. म्हणूनच ते कात्रीला जास्त लागलं. आत जाणं तिच्या जिवावर आलं. ती पावलांचा आवाज न करता जिना उतरली आणि रस्त्यावर आल्यावर भराभर चालू लागली, जणू कुणी मागून हाक मारणार होतं.

घरी येऊन तिने पहिली गोष्ट केली ती ही, की रविवारची वाट न बघता भावाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने एका दमात विचारलं, की तू म्हणाला होतास तसं मी आले, तर कधी आलेलं बरं पडेल.

मग भाऊ म्हणाला, की अगं ये की, केव्हाही ये, तुझंच घर आहे. फक्त त्या खोलीत सध्या हिचं ऑफिसचं काम चालतं, घरूनच असतं ना आता. आणि याचं परीक्षेचं वर्ष. म्हणजे आत्ताच नको, पण पुढे नक्की ये, दोन-चार दिवस छान राहा.

"तू लॅपटॉप घे म्हणालास ना," कात्री म्हणाली, "त्यावर मशीन कोणतं ते ठरतं. म्हणून विचारलं."

"अगं, ते मी आपलं सहज म्हटलं," भाऊ म्हणाला. "आजकाल सगळे लॅपटॉपच घेतात ना, म्हणून." त्याचा आवाज पडला होता. लहानपणी काही सांडून ठेवलं की असाच पडायचा.

तेव्हा कात्रीनेच त्याला सोडवलं. म्हणाली, अरे मीही सहजच विचारलं, मला कुठे इथली कामं टाकून येता येणार आहे. मग भाच्याचा अभ्यास, वहिनीची पाठदुखी असं बोलून तिने फोन ठेवला. तिला भावाचा राग आला नाही. त्याने तोंडदेखलं म्हटलं होतं आणि तिने ते मनावर घेतलं, एवढंच घडलं होतं. पण खिडकीसमोरचं ते टेबल तिने मनातून उचललं, तेव्हा खोलीत खरंच काहीतरी हलवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती दुकानात गेली. स्टुलावर बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "टेबलावरचंच द्या. भारीवालं. मला कुठे जायचं नाही."

जुळणीवाल्याने मान डोलावली आणि काहीच विचारलं नाही. एवढे प्रश्न विचारणारा माणूस, पण नेमका इथे गप्प राहिला, आणि त्याबद्दल कात्रीने मनोमन त्याचे आभार मानले. गल्ल्यावरच्या बहिणीने आपणहून तिला पाणी आणून दिलं. आपलं कालचं बोलणं जिन्यात ऐकू गेलं असावं अशी शंका त्या बाईला आली होती की काय, कोण जाणे, पेला हातात देताना तिने उगाच विचारलं, "लांबून येता का हो तुम्ही?" कात्री म्हणाली, नाही, जवळच राहते.

मशीन बसवायला जुळणीवाला स्वतः आला. कात्रीने सकाळपासून घर आवरलं होतं, दोन पदार्थ करून ठेवले होते. त्याने खोली बघितली, ऊन कुठून येतं ते बघितलं आणि टेबल फिरवून खिडकीला काटकोनात लावलं. एवढ्या साध्या गोष्टीने पडद्यावरची चमक गेली. तारा जोडल्या, जुन्या मशीनमधलं सगळं काम नव्यात आणलं, रंग जुळवून दिले. खाणं पुढे केलं तेव्हा त्याने हात जोडले. खाली गाडीत आणखी दोन मशीनं आहेत, दुपारच्या आत पोचवायचीत, असं म्हणून तो उभ्यानेच पाणी प्यायला. दारात थांबून म्हणाला, "काही अडलं तर फोन करा. पण अडणार नाही." आणि त्याने सांगितलं तसंच झालं. काही म्हणता काही अडलं नाही.

मशीन इतकं शांत होतं, की चालू आहे की बंद हे कळायला दिव्याकडे बघावं लागायचं. पहिलं काम तिने दोन दिवसांत हातावेगळं केलं. शेवटचा तुकडा बसवला, बटण दाबलं आणि तिच्या तोंडून गेलंच, "रेंडर लागलं." मोठ्याने. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. ती स्वतःशीच ओशाळून उठली, चहाचं आधण ठेवायला गेली, आणि पाण्याला अजून बुडबुडेही फुटले नव्हते तेवढ्यात आतून टिंग आलं. ते पाणी तिने तसंच राहू दिलं.

काम लवकर संपायला लागलं तसा दिवस लांबला. जो वेळ पूर्वी मशीन खायचं तो आता तिच्या अंगावर येऊ लागला. दुपार सरता सरायची नाही. तिने कपाटं लावली, आईच्या साड्या उन्हात घातल्या, परत घडी करून ठेवल्या. खिडकीतून समोरच्या घरातली बाई बाल्कनीत कपडे वाळत घालताना दिसायची; ती प्रत्येक कपडा दोनदा झटकते हे कात्रीने टिपून घेतलं. सवय होती ना.

अशातच एक दिवस लंबूचा घाईघाईचा फोन आला. एका लग्नात त्याने सकाळचं चित्रण केलं होतं आणि मुलीकडच्यांच्या डोक्यात आलं होतं, की संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सकाळच्या समारंभाची फिल्म दाखवायची. त्याच दिवशी. लंबूने आधी नाही म्हटलं, मग त्याला नवं मशीन आठवलं. "जमेल का कात्रीताई? नसेल जमत तर स्पष्ट सांगा."

"कार्ड पाठव," कात्री म्हणाली.

कार्ड नवरीच्या एका चुलतभावाने आणून दिलं. कात्री बसली ती पाणी प्यायलाही उठली नाही. नवरीचे वडील चष्मा शोधत सगळ्या हॉलभर फिरत होते आणि चष्मा त्यांच्याच खिशात होता. ते तिने तीन ठिकाणी थोडं थोडं पेरलं. एक आजी भाषण ऐकता ऐकता मोठी जांभई देऊन मग चोरासारखी इकडेतिकडे बघत होती, तिला ठेवलं. आणि नवरीची धाकटी बहीण, जी सकाळपासून सगळ्यांना हसवत होती, एका क्षणी खांबाआड जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. लंबूच्या कॅमेऱ्याने ते ओझरतं टिपलं होतं. तिथे कात्रीने गाणं थांबवलं आणि काही न लावता नुसती शांतता ठेवली.

फिल्म झाली, पण हॉलमधलं इंटरनेट बंद पडलेलं. लंबूला जागचं हलता येत नव्हतं, आणि पाहुणे जमल्यावर चुलतभाऊ कुणाला सापडेना. लंबू म्हणाला, ताई, तुम्हीच या ना घेऊन, दहा मिनिटांचं अंतर. कात्रीच्या लक्षात आलं, की आयुष्यभर जे समारंभ तिने कापले आणि जोडले, त्यातल्या एकालाही ती कधी गेली नव्हती. तिने कपडे बदलले, राखाडी शाल घेतली आणि पेन ड्राइव्ह मुठीत धरून निघाली.

दारात कुणी अडवलं नाही. एकाने "या, या" म्हटलं, एका बाईने ओळखीचं हसून मान हलवली. लंबूने लांबूनच हात करून पेन ड्राइव्ह घेतला आणि तो पुन्हा गर्दीत गेला. कात्री मागच्या रांगेत एका रिकाम्या खुर्चीवर बसली. दिवे मंद झाले.

लोक कुठे हसणार हे तिला माहीत होतं. तिनेच ते ठरवलं होतं. तरी चष्म्याच्या जागी सगळा हॉल खदखदून हसला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. आजीच्या जांभईला टाळ्या पडल्या आणि खुद्द आजी पदराआड लाजली. लोक पडद्याकडे बघत होते त्यापेक्षा जास्त एकमेकांकडे बघत होते, एकमेकांना कोपरं मारत होते. मग खांबाआडची बहीण आली आणि आवाज थांबला. हॉल गप्प झाला. कात्रीच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने पडद्यावरची नजर न हलवता चाचपडत तिचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला. तो हात गरम होता, जरासा ओला होता. कात्रीने श्वासही जपून घेतला.

दिवे लागले तशी ती बाई उठली, डोळे पुसत कुणाला तरी हाका मारत पुढे गेली. तिने कात्रीकडे वळून बघितलंही नाही, आणि बघायचं काही कारणही नव्हतं. जेवणाच्या टेबलांशी गर्दी झाली. कात्री थोडा वेळ भिंतीशी उभी राहिली. नवरीच्या वडिलांना चारचौघं चष्म्यावरून चिडवत होती आणि ते मान्य करत होते. कुणीतरी विचारलं, फिल्म कुणी केली हो, आणि दुसरं कुणी म्हणालं, तो उंच मुलगा आहे ना, त्याने. कात्रीला त्याचं वाईट वाटलं नाही. ती बाहेर पडली आणि सावकाश चालत घरी आली. त्या बाईने धरलेला आपला हात तिने वाटभर शालीच्या आत ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात ती पूर्ण लग्नाची फिल्म करायला बसली. संध्याकाळचं चित्रण बघता बघता, हॉलमधले लोक पडद्याकडे बघतायत त्या दृश्यात, मागच्या रांगेत एक बाई दिसली. राखाडी शाल, ओठ किंचित उघडे, मान पुढे काढलेली. कात्रीचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. नुसते बसून असलेले लोक ती नेहमी काढून टाकायची. मग तिने चित्र थांबवलं. स्वतःला तिने असं कधी बघितलं नव्हतं. आरशात माणूस तयारीने बघतो, इथे कसलीच तयारी नव्हती. ती बाई एकटी दिसत नव्हती. शेजारणीने तिचा हात धरला होता आणि कुणीही म्हटलं असतं, की या दोघी बहिणी किंवा जावा असणार.

तिने तो तुकडा ठेवला. जेमतेम दोन श्वासांचा.

फिल्म गेली. काही दिवसांनी लंबूचा फोन आला. पुढच्या कामाचं बोलून झाल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, तिकडे एक गंमत झालीय. फिल्ममध्ये मागच्या रांगेत ज्या शालवाल्या बाई आहेत, त्या कोण, यावर दोन्ही घरांत खल चाललाय. मुलीकडचे म्हणतात मुलाकडच्या असतील, मुलाकडचे म्हणतात मुलीकडच्या. जिने हात धरलाय तिलाही सांगता येत नाही. "मी बघितलं तर तुम्ही. म्हटलं, विचारून सांगतो."

कात्रीने विचारलं, "काढून टाका म्हणतायत का?"

"छे हो. नवरीची आई म्हणते, राहू दे, किती मनापासून बघतायत त्या. फक्त कोण ते कळलं असतं तर बरं झालं असतं, आभार तरी मानता आले असते. काय सांगू?"

खिडकीत ऊन होतं. समोरच्या बाल्कनीत ती बाई कपडे झटकत होती. कात्रीने थोडा विचार केला. एडिटिंग करणारी बाई असं सांगितलं असतं तर ते खरं होतं, आणि कदाचित एखादा फोनही आला असता. पण ते सांगितलं की त्या दोन घरांत ती बाई कुणाचीच उरली नसती. तिचा उलगडा होऊन गेला असता.

"सांग, पाहुणी होती," ती म्हणाली. "कुणाकडची ते नक्की आठवत नाही म्हणावं."

लंबू म्हणाला बरं, आणि उद्या नवीन कार्ड आणून देतो म्हणाला. "वर येऊन चहा घे मग," कात्री म्हणाली. तो म्हणाला, बघतो, उद्या जरा धावपळ आहे. तिने फोन ठेवला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि ते लग्न पहिल्यापासून लावलं. या वेळी काही कापायचं नव्हतं. ती मांडीवर हात ठेवून, बाकीच्यांबरोबर बसल्यासारखी, बघत राहिली.